मांजरीमार्फत

त्या घरातल्या दोन जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण म्हणून घर शांत होतं असं कोणी समजू नये. बोलणं भरपूर व्हायचं. फक्त ते मांजरीमार्फत व्हायचं.

थोरली वर राहायची, धाकटी खाली. मधे लाकडी जिना आणि जिन्याच्या अर्ध्यावर एक चौरस वळण. वाटणीच्या वेळी ते वळण कोणाच्याच वाट्याला आलं नव्हतं, त्यामुळे दोन्ही घरांना नकोशा झालेल्या वस्तू तिथे येऊन पडत: बंद पडलेली इस्त्री, एक पाय कमी असलेली खुर्ची आणि एक करडी मांजर. टाकी भरून वाहायला लागली की थोरली वरच्या पायरीवर येऊन मांजरीला म्हणायची, "सांग गं खालच्यांना, मोटर बंद करा म्हणावं." खालच्या स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "सांग वरच्यांना, आम्हालाही कान आहेत म्हणावं." मांजर वरही बघायची नाही आणि खालीही नाही. ती आपला पाय चाटत बसायची, आणि मोटर बंद व्हायची.

वर तिचं नाव ठकी होतं, खाली मखमल. ती दोन्ही नावांना सारखीच दाद देत नसे.

या अबोल्याचं मूळ सासूबाईंच्या दातांत होतं. सासूबाईंनी ऐंशी ओलांडली तेव्हा तोंडात जे काही दात उरले होते ते सगळे हलत होते, सगळे दुखत होते, आणि त्यातला एकही आपणहून पडायला तयार नव्हता. दुधात कुस्करलेला पावसुद्धा त्या रडत गिळायच्या. दोन्ही मुलगे मोठे प्रेमळ. आईला रडताना बघून त्यांच्याही डोळ्यांत पाणी यायचं, आणि दात काढायचं नाव काढलं की दोघे एका सुरात म्हणायचे, "बघू. थोडं थांबून बघू." शेवटी एका सकाळी थोरलीनेच शिवणयंत्र बंद केलं, सासूबाईंना गाडीत घातलं आणि दातांच्या डॉक्टरकडे नेऊन सगळे दात काढून आणले. तीन आठवड्यांनी सासूबाई झोपेतच गेल्या. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

नातेवाईक जमले होते. धाकटी चहा देत फिरत होती. कोणीतरी विचारलं, अचानक कसं झालं, तेव्हा ती म्हणाली, "दात होते तोवर आई होत्या." आवाज अगदी हळू होता, आणि अशा खोलीत हळू आवाजच सगळ्यांना ऐकू जातो. थोरलीने कप खाली ठेवला आणि ती वर निघून गेली. धाकटी येईल, काहीतरी बोलेल, म्हणून तिने संध्याकाळपर्यंत दार उघडं ठेवलं होतं. कोणी आलं नाही. तिने दार लावलं, त्याला आता सहा वर्षं होत आली होती.

दोघे भाऊ मात्र रोज सकाळी जोडीने फिरायला जात. बायकांचा विषय निघालाच तर ते हवेबद्दल बोलत.

थोरली पडदे शिवायची. वरची पुढची खोली कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेली असायची आणि ठकीचा दुपारचा मुक्काम त्या गठ्ठ्यांवर. यंत्राचा पाय चालू असला की हातांना काम असतं आणि डोक्याला नसतं. मग ते वाक्य आठवायचं. थोरली हुशार बाई होती. वयोवृद्ध माणूस हृदय थांबून जातं, त्याचा दाताशी काही संबंध नसतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तरी आपण नेलं नसतं तर, हा किडा काही जात नव्हता. धाकटी खोटं बोलली याचा राग होताच. पण ते थोडंसं खरं असेल तर, ही भीती त्या रागापेक्षा मोठी होती, आणि ती तिने नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

अशात ठकीने बशीत तोंड घालणं कमी केलं.

थोरलीला कारण तत्काळ कळलं. खाली लाच सुरू झाली होती. तिने कोरडे दाणे बंद करून उकडलेलं चिकन सुरू केलं. ठकी वास घ्यायची, वरचं पाणी चाटायची आणि निघून जायची. दोन दिवसांत जिन्यात माशाचा वास दरवळायला लागला, म्हणजे धाकटीने डबाबंद मासे आणले होते. थोरलीने चिकनवर लोणी घातलं. धाकटीने माशावर साय घातली. दोन्ही स्वयंपाकघरांत माणसांचं साध्या वरणभातावर चाललं होतं आणि मांजरीसाठी मेजवान्या शिजत होत्या.

"सांग गं खालच्यांना," थोरली वळणाकडे बघून म्हणाली, "पोट एकच असतं म्हणावं. किती कोंबायचं त्याला काही सुमार?"

"सांग वरच्यांना," खालून उत्तर आलं, "आमच्याकडे येऊन ती नुसती बसते. जिथे गिळून येते तिथल्यांनी विचार करावा."

खोटारडी ती खोटारडीच, असं म्हणून थोरली आत गेली. नवरा एकदा मांजरीला मांडीवर घेऊन म्हणाला, "अगं, ही हलकी लागतेय." थोरली म्हणाली, "खालचं खाऊन हलकीच होणार." दोन्ही घरांना पक्की खात्री होती की मांजर दुसरीकडे यथेच्छ जेवते, आणि एवढ्या खात्रीच्या जोरावर ती दोन्हीकडे उपाशी राहत होती.

बिंग फुटलं ते एका गिऱ्हाइकाच्या पडद्यामुळे. पांढऱ्या अस्तरावर ठकी झोपून उठली आणि तिथे ओला डाग राहिला, कडेने गुलाबी. थोरलीने नाक जवळ नेलं आणि लगेच मागे घेतलं. मग तिने ठकीला गुडघ्यांत धरून ओठ वर केला. हिरड्या रक्ताळलेल्या, लालभडक, आणि गळ्यापर्यंत सूज. ठकीने एरवी बोट फाडलं असतं. आता ती नुसती डोळे मिटून बसून राहिली, आणि त्याचंच थोरलीला जास्त वाईट वाटलं. इतके दिवस आपण हिच्यापुढे लोण्याचे गोळे नाचवत होतो, हे आठवून तिला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ती ठकीला कापडी पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरबाई तरुण होत्या, बाह्या दुमडलेल्या, हातावर ओरखड्यांच्या जुन्या रेघा. त्यांनी मांजरीचं तोंड उघडलं, मिटलं आणि थोरलीकडे पाहिलं.

"ही मखमल ना?"

"ठकी," थोरली म्हणाली.

"गेल्या आठवड्यात मखमल होती. चष्मा लावलेल्या एक बाई घेऊन आल्या होत्या. चष्म्याच्या दुकानात काम करतात म्हणाल्या."

"माझी जाऊ," थोरली म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून बऱ्याच दिवसांनी निघाले होते.

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. "मी त्यांना दुखणं थांबायचं औषध दिलंय. दिवसातून एकदा, मोजून थेंब. आता तुम्हालाही मी तेच दिलं असतं, दोन्ही घरांतून ते पोटात गेलं असतं आणि हिची मूत्रपिंडं कामातून गेली असती. तुम्ही दोघी एकमेकींशी बोलत नाही का?"

"बोलतो की."

"मग?"

"हिच्यामार्फत," थोरली म्हणाली.

डॉक्टरबाईंनी एकदा मांजरीकडे पाहिलं, पण पुढे काही विचारलं नाही. त्यांनी सरळ दुखण्याचं सांगायला घेतलं. हिचं शरीर हिच्याच दातांवर उलटलं होतं. दाताला चिकटलेला मळ सहन होत नाही, म्हणून हिरड्या सुजतात, सुजलेल्या हिरड्यांत मळ आणखी साचतो. औषधाने आठ-पंधरा दिवस बरं वाटेल, पुन्हा तेच. दात सगळे काढावे लागतील, मुळांसकट. आधी रक्त तपासायचं, तोंडाचे फोटो काढायचे, मग भूल द्यायची.

"सगळे?"

"पुढचे सुळे वाचले तर बघू. पण धरून चाला, सगळे."

"दातांशिवाय मांजर जगेल कशी?"

"तुमच्या घरात ती काय शिकार करते?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "बशीतलं चाटून गिळते. जखमा भरल्या की यातल्या बहुतेक मांजरी आधीपेक्षा चांगलं खातात. बाई, ही दात आहेत म्हणून उपाशी आहे."

थोरली एकदम खुर्चीवर बसली. "आणि भुलीतून उठली नाही तर?"

"धोका असतोच. नाही म्हणून सांगणार नाही. कमी असतो, पण असतो."

"त्या काय म्हणाल्या? माझी जाऊ?"

"विचार करून सांगते म्हणाल्या. अजून करताहेत वाटतं."

ती काय विचार करत असेल हे थोरलीला घरी जाता जाता स्वच्छ दिसलं. धाकटीने दात काढायला हो म्हटलं आणि मांजर ठणठणीत झाली, तर सहा वर्षं जपून ठेवलेलं ते वाक्य पार उघडं पडणार. आणि मांजर मेली, तर तिनेही थोरलीसारखंच केलं असं होणार. थोरलीचं तरी काय वेगळं होतं? मांजर वाचली तर उत्तम, पण मेली तर एका घरात दात काढून दुसरा जीव गेला, आणि दोन्ही वेळा नेणारी तीच. दोघींनाही मांजरीचे दात जागच्या जागी राहण्यातच सोय होती. गैरसोय काय ती मांजरीची होती.

संध्याकाळी ती वरच्या पायरीवर आली. ठकी वळणावर बसली होती, हनुवटीला लाळेची तार.

"सांग खालच्यांना, औषध एकाच घरातून जाऊ दे."

खालून आलं, "सांग वरच्यांना, औषध इथून चालू आहे. त्यांनी हात लावू नये."

"सांग त्यांना, डॉक्टरबाई पुढचं काय म्हणाल्या ते त्यांनाही ठाऊक आहे म्हणावं."

"सांग वरच्यांना," धाकटीचा आवाज जरा चढला, "या घरात दातांचा निकाल एकदा लागलाय. तेवढा पुरे."

थोरली आत गेली आणि यंत्रावर बसली. शिलाई वाकडी गेली, उसवली, पुन्हा वाकडी गेली. नवरा पेपरातून डोकं वर काढून म्हणाला, "काय म्हणतात डॉक्टर?" तिने सगळं सांगितलं. तो मनापासून हळहळला. चष्मा काढून डोळे पुसले. मग म्हणाला, "बघू. थोडं थांबून बघू."

तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि तो पेपर उघडून पुन्हा त्याच्या मागे गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने चिकन अगदी पातळ वाटून, गाळून, कोमट करून बशीत ठेवलं. ठकी आली. भूक तिला ओढत होती, ते चालण्यावरूनच कळत होतं. तिने जीभ लावली, आणि बशीने तिला मारल्यासारखी ती किंचाळून मागे उडाली. मग कान पाडून त्या बशीवरच फिस्कारली. खोलीभर पळाली. परत आली, लांब बसली आणि बशीकडे बघत राहिली. सासूबाईसुद्धा वाटीकडे अशाच बघायच्या. थोरलीने बशी उचलली, मोरीत ओतली आणि तोंडावर पदर न घेता, आवाज न दाबता चांगली रडली. बऱ्याच वर्षांचं राहिलेलं होतं, ते त्यात निघालं.

मग तोंड धुऊन ती जिन्यात आली.

"सांग गं खालच्यांना. परवा सकाळी मी हिला नेणार आहे. निर्णय माझा. वाईट झालं तर माझ्या नावावर घाला. तिथे एक आहेच, त्याच्या शेजारी हेही राहील."

खाली भांड्यांचा आवाज चालू होता तो थांबला.

परवा सकाळी थोरली कापडी पिशवी घेऊन खाली उतरली, तर जिन्याच्या तळाशी धाकटी बाहेर जायच्या कपड्यांत उभी होती. हातात मांजरांना न्यायचा नवाकोरा जाळीचा पिंजरा. तिने थोरलीच्या काखेतल्या मांजरीकडे पाहिलं.

"सांग वरच्यांना, रात्रीपासून उपाशी ठेवलंय ना म्हणावं. आणि टॅक्सी आलीय."

टॅक्सीत त्या मागच्या सीटवर दोन टोकांना बसल्या, मधे पिंजरा. दवाखान्यात बाकावर तशाच बसल्या. मदतनीस बाई आली, तिने पिंजऱ्यातून मांजर काढली, टॉवेलमध्ये गुंडाळली आणि आतल्या दारातून घेऊन गेली. दार मिटलं.

बाकावर दोघी आणि मधे रिकामा पिंजरा. खरा अबोला तो तेव्हा सुरू झाला. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की आपण बोलत नाही. आता बोलायला कोणीच उरलं नव्हतं तेव्हा कळलं की आपण दिवसभर बोलतच होतो. समोर एक म्हातारे गृहस्थ मांडीवर पोपटाचा पिंजरा घेऊन बसले होते, आणि पोपटही गप्प होता. धाकटीने चष्मा काढून पुसला. लावला. पुन्हा काढून पुसला. थोरली आतल्या दाराकडे बघत होती. आत्ता जर ते दार उघडलं आणि डॉक्टरबाई मान हलवत बाहेर आल्या, तर या बाईला काही बोलायचीही गरज पडणार नाही. नुसतं चहाचा ट्रे धरल्यासारखं बघितलं तरी पुरेल.

"सांग वरच्यांना," धाकटी पिंजऱ्याकडे बघून म्हणाली आणि थांबली. पोपटवाल्या गृहस्थांनी रिकाम्या पिंजऱ्यात वाकून पाहिलं.

धाकटीने चष्मा हातातच ठेवला. चष्म्याशिवाय तिला समोरचं फारसं दिसत नसे.

"आई जेवायच्या," ती म्हणाली.

"काय?"

"दात काढल्यावर. शेवटचे तीन आठवडे त्या खाली माझ्याकडेच होत्या ना. पहिले काही दिवस नाही, पण मग जेवायला लागल्या. मऊ करून दिलेलं सगळं. वाटी संपली की पुढे करायच्या. एकदा मला म्हणाल्या, थोरलीने मला आधीच का नाही नेलं."

थोरलीने पिंजऱ्याची जाळी धरली, कारण हाताला काहीतरी धरायला हवं होतं.

"मग तसं का म्हणालीस? सगळ्यांसमोर?"

"राग आला होता." धाकटी हळूहळू बोलत होती. "लग्न झाल्यापासून आई माझ्याशी धड बोलल्या नव्हत्या. दुखणं थांबलं आणि बोलायला लागल्या, जाऊबाई. मला जवळ बसवून घ्यायच्या. मला वाटलं, आता कुठे सुरुवात झाली. आणि गेल्या. कोणावर तरी काढायचा होता तो राग, तुम्ही समोर दिसलात. तोंडातून निघालं तेव्हाच मला कळलं होतं. वाटलं, तुम्ही भांडायला खाली याल, तेव्हा सांगेन. तुम्ही आलाच नाहीत."

"मी दार उघडं ठेवलं होतं," थोरली म्हणाली.

"मला काय माहीत?"

आतलं दार उघडलं. डॉक्टरबाईंनी टोपी काढलेली होती, आणि त्यांना घाम आला होता. एका दाताचं मूळ तुटून आत राहिलं होतं, ते काढायला वेळ लागला. बाकी सगळं ठीक. मांजर शुद्धीवर येते आहे आणि आल्याआल्याच मदतनीस बाईवर फिस्कारली, म्हणजे तब्येतीची काळजी नाही. संध्याकाळी घरी नेता येईल. दोन आठवडे मऊ खाणं आणि एका शांत खोलीत मुक्काम. कोणाच्या घरी राहणार, ते दोघींनी ठरवून सांगा, आणि औषध तिथूनच जाऊ दे.

"खाली राहू दे," थोरली म्हणाली. "माझ्याकडे सुया असतात सगळीकडे."

डॉक्टरबाई आत गेल्या. धाकटीने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मग तो लगेच पुन्हा काढावा लागला, कारण काचा ओल्या झाल्या. थोरलीने आपला रुमाल तिच्या हातात दिला. रागही आला होता, हसूही येत होतं आणि छातीवरचं काहीतरी अचानक उतरलं होतं. सहा वर्षं. एवढी सहा वर्षं ती रोज शिवणयंत्रावर बसून एका मेलेल्या म्हातारीची माफी मागत होती, आणि म्हातारी पोटभर जेवून गेली होती.

"मला सांगितलं नाहीस, ते समजलं," ती म्हणाली. "पण निदान मांजरीला तरी सांगायचंस."

"सांगितलं होतं," धाकटी म्हणाली. "संध्याकाळी तुम्ही यंत्रावर बसलात की जिन्यात बसून रोज तिलाच सांगायचे."